न हलणारी फ्रेम

"गाडी चालून राह्यली का उभी हाये जी?"

बायकोचा, गिरजाचा, तो आवाज सोमाजीच्या कानात मुक्कामालाच होता. कुठेही, कधीही यायचा. आज तो चंद्रपुरात, चैतूच्या खिडक्यांच्या दुकानात आला. ॲल्युमिनियमवर किंचाळणारी करवत थांबली आणि त्या थांबण्यातून तो आवाज आला.

"बाबा, कुठी हरवले?" पुनम विचारत होती. "बसून पाहा न एकदा."

सोमाजीने जन्मभर आलापल्लीला वनखात्याची जीप चालवली होती. आता तो लेकीबरोबर ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायचा. वीज केंद्रातली ड्यूटी संपवून आली की पुनम टेबलाला स्टेअरिंग आवळायची, जमिनीवर पेडल मांडायची आणि समोरच्या स्क्रीनवर परमुलखातल्या रस्त्यांवरून खेळातली रेसची गाडी पळवायची. जोरात ब्रेक मारला की पेडलं पुढे सरकायची. म्हणून तिने त्यांच्यापुढे तांदळाचं पोतं लावलं होतं. परवा ते पोतं उसवलं आणि घरभर तांदूळ झाला. तेव्हा सोमाजीच म्हणाला होता, "पेडल-स्टेअरिंग बसवाले एखादी पक्की फ्रेम करून घे बापा."

खरी गाडी मात्र ती चालवत नसे. आजसुद्धा दोघं बसनेच आली होती, पेडल आणि स्टेअरिंग पिशवीत घालून.

चैतूने खिडकीच्या पोकळ पट्ट्यांची एक फ्रेम जोडून ठेवली होती. "पाहा बाई, फुलावानी हलकी. खेळ झाला का घडी घाला अन् पलंगाखाली सारा. लोक मले खिडकी मागते, तुमी गाडी मागतली. पुढून काच लावून देऊ का?"

"काच राहू द्या चैतूभाऊ," पुनम म्हणाली. "वायपर तेवढे द्या."

सोमाजी फ्रेमवरच्या सीटवर बसला. पायाखाली पेडल आलं आणि पायाला जुनी सवय आठवली. सागाच्या रानातल्या वळणावर चितळ आडवं आलं की तो जसा ब्रेक दाबायचा, तसाच त्याने दाबला. फ्रेम कण्हली. पुढची पट्टी धनुष्यासारखी वाकली.

"हळू भाऊ, हळू. घरात कोन्तं हरण आडवं येते?"

"आडवं येनारं सांगून येते काय?" सोमाजी म्हणाला आणि उतरला.

मग चैतूने कोपऱ्यातून दुसरे बार ओढून आणले. जाड, वजनदार, चारी अंगांना लांब खाचा पडलेले. गडचांदूरकडच्या कारखान्यांत मशीनचे सांगाडे करायला असलेच बार वापरतात, असं तो म्हणाला. बोल्ट सैल केला की सीट, पेडलं खाचेतून हवी तिथे सरकतात. आवळला की जागची हलत नाहीत.

"हे हालनार नाई. पन याची घडीबी होत नाई बाई. एकदा मांडली का ते खोली तिचीच."

"होऊ द्या तिची," पुनम म्हणाली.

सोमाजीला ते लागलं. घडी होणारी फ्रेम एखाद्या दिवशी पलंगाखाली गेली असती आणि पोरगी उठून बाहेर, खऱ्या रस्त्यावर गेली असती. ही दणकट फ्रेम मांडली म्हणजे ती कायमची भिंतीकडे तोंड करून बसणार.

"घडीवालीच घे न पुनम. थोडी हालली तर काय होते?"

"हालली का वेळ जाते बाबा."

"कायचा वेळ?"

"थोडासाच जाते. पन जाते न."

तो कोणता वेळ, त्याला ठाऊक होतं.

मोहाची फुलं गळत होती त्या दिवसांत. गिरजाच्या छातीत कळ आली तेव्हा सोमाजीचा हात प्लास्टरमध्ये होता. नुकतीच गाडी शिकलेली पुनम शेजारच्या मुखरूची जीप घेऊन चंद्रपूरच्या दवाखान्याकडे निघाली. मागे गिरजा, नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून. आष्टीचा पूल ओलांडल्यावर तिने डोळे उघडले आणि विचारलं, गाडी चालते आहे की उभी आहे. चालते आहे, तो म्हणाला. "मंग सांगजा तिले," गिरजा हसली, "तुमच्या गाडीत तर माह्या पोटातलं पानी हालत होतं." जन्माचा ड्रायव्हर तो. त्याही घडीला त्याला ते थोडंसं बोचलं. सांगीन, म्हणाला.

संध्याकाळी गिरजा गेली.

तेरवीच्या दिवशी भांडी घासता घासता पुनम म्हणाली होती, "मी अजून जोरात पळवली असती तं माय वाचली असती." त्याला तेव्हाच बोलायचं होतं. पण तो एका हाताने घासलेली भांडी पालथी घालत राहिला. त्या गप्प बसण्यालाच पोरीने होकार समजलं. मुखरूच्या जीपची चावी तिने खुंटीला टांगावी तशी बापाच्या हाती दिली आणि पुन्हा कुठल्याच चावीला हात लावला नाही. उद्या सांगू, परवा सांगू, म्हणता म्हणता ते एवढंसं वाक्य सागासारखं वाढत गेलं, आत आत जाड होत गेलं.

चैतूने बार जोडले, सीट बसवली, बोल्ट आवळले. पुनम बसली. तिने ब्रेक सगळा जोर लावून दाबला. फ्रेम तसूभर हलली नाही.

"हेच," ती म्हणाली. "जरा सीट पुढं घ्या भाऊ."

चैतू पाना आणायला आत गेला. सोमाजी तिच्यामागच्या काचांच्या खोक्यावर टेकला. समोर तिची मान, तीच वेणी, स्टेअरिंगवर तेच हलके हात. त्या दिवशी त्याला मागून जशी दिसत होती, तशीच.

"पुनम."

"हं."

"त्या दिवशी आष्टीच्या पुलाच्या पुढं तुही माय जागी झाली होती."

स्टेअरिंगवरचे हात थांबले. तिने मागे वळून पाहिलं नाही. "काई बोलली?"

"मले म्हने, गाडी चालून राह्यली का उभी हाये जी." त्याने तिच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला. "इतकी अलगद चालवत होती तू. तिच्या पोटातलं पानी हाललं नाई. तुले सांग म्हने ते. मीच सांगतलं नाई, बेटा."