गोदाबाईंचा आवाज

स्वरालीने हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि समोरच्या काचेवर बोटाने टकटक केलं. काचेपलीकडे किशोरने रेकॉर्डिंग थांबवलं.

"दादा, परत घेऊ या. त्यांचे ओठ अजून हलतायत आणि माझं वाक्य संपलं."

"घेऊ," किशोर म्हणाला. ही सातवी वेळ होती.

पडद्यावर गोदाबाई उपड्या मडक्यावर मांडे टाकत होत्या. कणीक इतकी सैल की ती दोन्ही हातांवरून ओघळत होती आणि दर वेळी खाली पडायच्या आत झेलली जात होती. एवढी कसरत चालू असताना बाई बोलतही होत्या, तेही कॅमेऱ्याकडे न बघता. चांदूर बाजारजवळच्या त्यांच्या घराच्या परसात हे चित्रण झालं होतं. अमरावतीतली ही डबिंगची खोली मात्र एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, तरी खालचा फिजिक्सचा तास सुटला की पाच मिनिटं काम बंद ठेवावं लागे.

जुन्या पदार्थांवरची ही अर्ध्या तासाची मालिका सौमित्र नावाचा एक तरुण निर्माता बनवत होता आणि एक वाहिनी ती दाखवत होती. गोदाबाईंचा भाग वाहिनीकडून परत आला होता, सोबत एका ओळीचा शेरा: ‘गोदाबाईंचा आवाज अस्पष्ट. डबिंग करून पाठवावे.’

किशोरला तो शेरा फार लागला होता. बावीस वर्षं तो आवाजाचंच काम करत होता. चित्रणाच्या दिवशी त्याने शेजारच्या विहिरीवरची मोटर बंद करवली होती, बकरी पार गल्लीच्या टोकाला नेऊन बांधली होती, आणि पदराच्या घडीत माईक असा बसवला होता की कापडाची सळसळही येऊ नये. अस्पष्ट काय होतं ते त्याला बरोबर कळत होतं. वाहिनीतल्या त्या कोणा साहेबाला वऱ्हाडीतलं ‘मले’ आणि ‘तुले’ अस्पष्ट होतं.

शेऱ्याहून जास्त टोचत होती ती गोदाबाईंना दिलेली हमी. त्यांनी चित्रणाआधी एकच गोष्ट विचारली होती.

"आवाज माहाच राहीन ना, भाऊ?"

"तुमचाच राहीन, मावशी. काहून?"

"माही मोठी बहीण हाये अकोल्याले. तानुबाई. काचबिंदूनं डोये गेले तिचे. थे टीवी आइकते नुसती. तिले वाटलं पाहिजे का गोदी बाजूले बसून मांडे करून राहिली."

"फोनवर बोलता ना तिच्याशी?"

"फोनवर काय, जेवली का, हाव जेवली. चुलीपाशी बसल्यावानी कुठं होते?"

तिकडून तानुबाईंचं येणं बंद झालं होतं, इकडून गोदाबाईंना ढोरांपायी घर सुटत नव्हतं. किशोरचं स्वतःचं बालपण त्याच मुलखातलं. ‘माही जबाबदारी’ असं तो बोलून गेला होता, आणि बोलताना त्याला त्यात काही अवघड वाटलं नव्हतं.

स्वरालीने आठव्यांदा वाक्य म्हटलं. ती वकिलाच्या घरातली, शहरातल्या कार्यक्रमांचं निवेदन करणारी, आवाज गोड. मग तिने स्वतःहून ‘मले’ म्हणून पाहिलं. ते शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाटुकल्यासारखं झालं आणि दोघांनाही हसू आलं.

"दादा, एक विचारू?" हसणं थांबल्यावर ती म्हणाली. "यांचा आवाज खराब कुठे आहे? मला तर शब्द न् शब्द कळतोय."

"मलेही," किशोर म्हणाला.

चार वाजता ती गेली. जोडून-तोडून तिच्या आवाजातला भाग तयार झाला होता. सौमित्रचा फोन आला, पाचपर्यंत फाइल गेलीच पाहिजे म्हणून. किशोरने दोन्ही फाइली पुन्हा ऐकल्या. स्वरालीच्या फाइलीत एक सुरेख बाई स्वयंपाकाबद्दल बोलत होती. तिच्या हाताला कणीक लागलेली नव्हती. त्याने गोदाबाईंची मूळ फाइल उघडली, आवाज चिमूटभर वाढवला, तिला ‘डबिंग फायनल’ असं नाव दिलं आणि वाहिनीला पाठवून दिली. पकडलं गेलं असतं तर सौमित्रच्या पुढच्या मालिकेत त्याला कोणी उभंही केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं: ‘आता उत्तम. आधीच्या आवाजात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.’

तेव्हा किशोर टपरीवर चहा पीत होता. तो एकटाच इतका हसला की चहावाल्याने वळून बघितलं. दुसऱ्यांदा ऐकणारा साहेब बहुधा वेगळा होता, किंवा तोच असला तर जेवून बसला होता. किशोर खूश होता, मनापासून खूश. गुपित मात्र त्याने कोणालाच सांगितलं नाही. सौमित्रच्या तोंडात तीळ भिजत नसे, आणि स्वरालीला निवांत सांगू असं म्हणता म्हणता राहून गेलं.

तो भाग रविवारी सकाळी अकराला लागला. किशोरने बायकोला, प्रणालीला, शेजारी बसवून तो ऐकला. ती बघत होती, तो डोळे मिटून ऐकत होता. शेवटच्या नावांच्या पाट्या सुरू झाल्या तेव्हा तो समाधानाने उठून आंघोळीला गेला. परत आला तर फोन वाजत होता.

"भाऊ, मी गोदाबाई."

"बोला मावशी. पाह्यलं?"

"पाह्यलं. मांडे मस्त दिसले. बाई बोलली बी चांगली. पन तुमी तर माहा आवाज ठेवतो म्हनलं होतं."

"तुमचाच आहे तो, मावशी."

"कावून खोटं बोलता? शेवटी पाटी आली. आमच्या नातीनं, प्रतीक्षानं वाचून दाखोली. गोदाबाईंचा आवाज, स्वराली म्हनून कोनी."

किशोर ओल्या केसांनीच खुर्चीत बसला. आभार मानण्यात सौमित्र कधी चुकत नसे. डबिंग झालं म्हटल्यावर डबिंग करणाऱ्या मुलीचं नाव त्याने आठवणीने घातलं होतं.

"पाटी चुकली. शप्पथ सांगतो, आवाज तुमचाच आहे."

"भाऊ, साठ वर्सं झाली मी बोलून राहिली. मले माहा आवाज समजत नाही का? थ्या बाईचा किती बारीक हाये."

यावर त्याच्यापाशी उत्तर होतं, पण ते आता कामाचं नव्हतं. आपला आवाज बाहेरून पहिल्यांदा ऐकणारं प्रत्येक माणूस हेच म्हणतं. म्हणून तर चित्रण संपलं की तो दर वेळी त्या माणसाच्या कानाला हेडफोन लावून दोन वाक्यं ऐकवत असे. त्या दिवशी मांडे गरम आहेत म्हणून सगळे जेवायला बसले आणि ते राहून गेलं.

"तानुबाईंनी ऐकलं का?" त्याने विचारलं.

"आइकलं. थे म्हने, गोदे, तूच व्हय. मी म्हनलं, बाई, पाटीवर दुसरीचं नाव हाये. मंग थेही म्हने, असन." गोदाबाईंच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर किशोरला बरं वाटलं असतं. "जाऊ द्या, तुमचाही नाइलाज असन. कधी इकडं आले तं जेवाले या."

त्याने त्यांच्याकडून तानुबाईंचा नंबर मागून घेतला. आकडे प्रतीक्षाने सांगितले. अकोल्याला फोन लावताना काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं.

"कोन?" पलीकडचा आवाज म्हातारा होता पण खणखणीत.

"मी किशोर, अमरावतीहून. आज गोदाबाईंचा कार्यक्रम लागला ना, त्याचा आवाज मी घेतला. तानुबाई, तो आवाज गोदाबाईंचाच आहे. पाटीवर नाव चुकलं, त्यात चूक माझी आहे. तुम्हाला तेवढं सांगायचं होतं."

"मले सांगाले पाहिजे का थे?" तानुबाई म्हणाल्या. "मी तिले मांडीवर घेऊन वाढोली. थे आइकूनच नाही राहिली, मंग मी असन म्हनलं. वादावादी करून काय करता?"

किशोरला एकदम हलकं वाटलं. साहेब, सौमित्र, खुद्द गोदाबाई, सगळे फसले होते. ज्या एका बाईसाठी हे केलं, तिच्यापर्यंत आवाज जसाच्या तसा पोचला होता.

"भाऊ, एक इचारू का तुमाले?"

"विचारा ना."

"थ्या दिवशी तिले बरं नव्हतं का?"

"नाही, चांगल्या होत्या. सगळ्यांना वाढलं त्यांनी. का हो?"

"मडक्यावरून मांडा काढाच्या आंधी थे दोनदा दम घेते. एका श्वासात भागत नाही तिचं. फोनवर मले कधी कयलं नाही थे. आमची माय अशीच दम घेत जाये. शेवटच्या वर्सी."

लॅपटॉप टेबलावरच होता. किशोरने फोन एका हातात धरून हेडफोनची एक बाजू दुसऱ्या कानाला लावली आणि फाइल सुरू केली. हा तुकडा त्याने निदान पन्नास वेळा ऐकला असेल. त्यातले श्वास त्याने मुद्दाम ठेवले होते, कापले की माणूस मेल्यासारखं वाटतं म्हणून. गोदाबाई बोलता बोलता थांबल्या. एक श्वास. मग लगेच दुसरा, अर्धवट, वर अडकलेला. पुढच्या मांड्याला तेच, आणि त्याच्या पुढच्यालाही.

"आइकलं का?" तानुबाईंनी विचारलं.

"ऐकलं."

"तिले फोनवर सांगू नका. मी सांगतलं तं म्हनन, तुले काय दिसते तिथं बसून. तुमाले जेवाले बलावलं असन तिनं."

"बोलावलं आहे."

"मंग जा. आन डाक्टरले दाखवून आना. माहं नाव नोका घेऊ."

"नेतो," किशोर म्हणाला. आत प्रणाली ताटं घेत होती. त्याने तिला आपलं ताट घेऊ नको म्हणून सांगितलं आणि ओल्या केसांवरूनच कंगवा फिरवून तो गाडीची चावी शोधायला लागला.