बटणबाबांचे पाच हजार साहेब

बाबांनी बटण दाबलं आणि सभागृहात फोन वाजू लागले.

आधी दुसऱ्या रांगेतल्या बाईंचा वाजला, मग खिडकीशी बसलेल्या टाय लावलेल्या गृहस्थांचा, मग एकदम तीन-चार. "हो, मीच बोलतोय... आवडला? खरंच आवडला?" असे गहिवरलेले आवाज उठले. टाळ्या पडल्या. एका बाईने तर ओळख ना पाळख, शेजारणीला मिठीच मारली. व्यासपीठावर बाबा डोळे मिटून उभे होते. अंगात कफनीऐवजी निळा कोट आणि हातात जपमाळेऐवजी लॅपटॉप, एवढाच काय तो फरक. बाकी सगळं साग्रसंगीत होतं.

त्यांचं खरं नाव कुणी विचारलं नव्हतं. शहरभर ते बटणबाबा. एक बटण दाबलं की तुमचा रेझ्युमे पाच हजार कंपन्यांतल्या पाच हजार साहेबांपुढे जाऊन पडतो आणि साहेब हातातला कप खाली ठेवून तुम्हाला फोन लावतो, अशी त्यांची ख्याती. पी हळद अन् हो गोरी!

शेवटच्या रांगेत बसलेली ताई हे सगळं ओठ मुडपून बघत होती. एका कारखान्याच्या भरती विभागात माणसं निवडायचं काम ती कैक वर्षं करत होती. शेजारी तिचा धाकटा भाऊ होता. लिफ्ट बनवणारी त्याची कंपनी बंद पडली तेव्हापासून तो घरी होता, आणि जेवतानाही फोन मांडीवर घेऊन बसायला लागला होता. एका लिफ्ट-दुरुस्तीच्या वर्कशॉपमधून त्याला भेटायला बोलावलं होतं. येणार की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. आणि हा पठ्ठ्या 'नाही' म्हणून सांगणार होता.

"एवढंसं वर्कशॉप आहे गं ते," तो म्हणाला. "इथे मला चार मोठ्या कंपन्यांचे फोन आलेत."

"कोणत्या कंपन्या?"

"नाव गुप्त ठेवतात. मोठ्या लोकांचं तसंच असतं."

"मी रोज असे फोन करते. आम्ही पहिल्या वाक्यात कंपनीचं नाव सांगतो. बरं, तुला विचारलं काय?"

"विचारायचं काय त्यात? आवडला म्हणाले. पुढच्या फेरीसाठी जास्तीचे पैसे भरून सुवर्ण प्रेषण घ्या म्हणाले."

"म्हणजे ना बघणं, ना विचारणं, आणि तू पसंत! अरे, तुझं लग्नसुद्धा इतक्या झटपट ठरलं नव्हतं."

"तुझा ना, कशावरच विश्वास नाही," धाकटा म्हणाला आणि तोंड फिरवून बसला. ताईला राग आला होता, पण रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. हातातलं खरं बोलावणं सोडून हा आणखी किती दिवस फोन मांडीवर घेऊन बसेल, हे तिला कळत नव्हतं.

म्हणून तिने एक उद्योग करून ठेवला होता. बाबांकडे आपलंही नाव नोंदवलं होतं आणि रेझ्युमे म्हणून घरातल्या कपडे धुण्याच्या मशीनचं माहितीपत्रक चढवलं होतं. जसंच्या तसं, एकही शब्द न बदलता.

"रेझ्युमे म्हणजे कागद नव्हे!" बाबा माइकवर सांगत होते. "तो तरंग आहे. तुमचा तरंग साहेबाच्या तरंगाला भिडला, की झालं काम!"

"आणि नाही भिडला तर?" कुणीतरी भाबडेपणाने विचारलं.

"तर सुवर्ण प्रेषण! त्यात तरंग दुप्पट होतो. शंका मात्र घेऊ नका. शंकेने रेझ्युमे गंजतो."

बाबांनी पुन्हा बटण दाबलं. या वेळी ताईचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला आणि फोन उंच धरून उभी राहिली.

"अभिनंदन मॅडम! आपल्या अनुभवाने आमचे संचालक भारावून गेलेत."

"अगं बाई! कोणता अनुभव आवडला त्यांना?"

"सगळाच, मॅडम. विशेषतः नेतृत्वगुण."

"पण मी तर लिहिलंय, 'क्षमतेपेक्षा जास्त कपडे कोंबू नयेत. पाणी असताना झाकण उघडू नये.'"

पलीकडचा आवाज जराही न अडखळता म्हणाला, "हो मॅडम. तोच गुण."

सभागृहात हशा पिकला. बाबा माइकवर ओरडले, "शांतता! शांतता राखा!" आणि ताईच्या फोनमधूनही, जरासा मागाहून, पण स्पष्ट आवाज आला, "शांतता! शांतता राखा!"

हसू थांबलं. सगळे फोनकडे बघायला लागले. मोठ्या कंपनीच्या संचालकांच्या दालनात बाबांचा आवाज कसा पोचला?

ताई थेट व्यासपीठामागच्या दाराकडे चालू लागली. "तिथे ऊर्जाकक्ष आहे! प्रवेश निषिद्ध!" बाबा ओरडत राहिले. तिने दार लोटलं. आत लांबलचक टेबलाशी पाच-सहा तरुण मुलंमुली कानाला फोन लावून बसली होती. त्यांतली एक ताईकडे बघतच फोनमध्ये म्हणाली, "मॅडम, लाइनवर राहा ना, प्लीज." मग तिच्या लक्षात आलं आणि तिने फोन खाली ठेवला.

"तू इथे कशी आलीस, बाळ?" ताईने विचारलं.

"मीसुद्धा रेझ्युमे पाठवायलाच आले होते," मुलगी मान खाली घालून म्हणाली. "बाबा म्हणाले, इथेच राहा."

ताई मागे वळली. "ऐकलंत ना? बाबांच्या बटणाने नोकरी लागते, ते काही खोटं नाही. पण ती एवढ्यांनाच लागली. दाराआड बसून तुम्हाला फोन करायची!"

"हे... हे फक्त प्रोत्साहनपर फोन असतात," बाबा चाचरत म्हणाले.

"आणि ते पाच हजार साहेब?" टायवाल्या गृहस्थांनी विचारलं. "ते तर खरे आहेत ना?"

"खरे आहेत. त्यांतली एक मी," ताई म्हणाली. "यांच्याकडून ढिगाने रेझ्युमे येतात. आम्हाला वेल्डर हवा असतो, येतो दंतवैद्याचा. हिशेबनीस मागावा, तर नृत्यशिक्षिकेचा. शेवटी कंटाळून आम्ही यांचं सगळं टपाल परस्पर कचऱ्यात जाईल अशी सोय केली. माझ्या सख्ख्या भावाचा रेझ्युमेही त्यातच गेला असणार. मी तो पाहिलासुद्धा नाही."

धाकट्याने मान वर केली.

ताईचा स्वर उतरला. "हे काम करणारे सगळेच लबाड नसतात हो. पण कागद हातात देण्याआधी विचारा. कुणाला पाठवणार? कोणत्या जागेसाठी? मला विचारून पाठवणार का? त्या साहेबांना मी स्वतः फोन करून खात्री केली तर चालेल का? समोरचा नीट उत्तर देत असेल तर बसा. तरंग म्हणाला तर उठा. नोकरीची गरज आहे म्हणून डोकं बाहेर चपलांपाशी काढून ठेवायचं नसतं."

खुर्च्या सरकू लागल्या. तरी दोघं-तिघं बसूनच राहिली. "पण मला तर दोनदा फोन आला होता," एक बाई पुटपुटत होत्या. बाबांनी लॅपटॉप मिटून काखेत मारला आणि बाजूच्या दाराने सटकायला बघितलं, तर तिथे टायवाले गृहस्थ आडवे उभे होते.

बाहेर येऊन धाकटा फुटपाथवर बराच वेळ घुटमळला. मग त्याने वर्कशॉपच्या मालकांना फोन लावला. "उद्या येतो, साहेब," तो कसाबसा म्हणाला.

"या की," मालक म्हणाले. "पण त्याआधी एक सांगा. भरलेली लिफ्ट उतरताना मजल्याच्या खाली जाऊन थांबते, रिकामी असली की बरोबर. आधी काय बघाल?"

"ब्रेक," धाकटा चटकन म्हणाला. "ब्रेकचं लायनिंग झिजलं असणार."

"लायनिंग नवंच आहे."

"नवं असलं तरी नीट बसलंय का ते बघितलं पाहिजे. स्प्रिंगचा ताण तपासलात?"

मग तो बोलतच सुटला. हातवारे करत फुटपाथवर येरझारा घालू लागला, लोक वळून बघू लागले. मध्येच त्याने फोनवर हात ठेवला.

"ताई, त्यांना पटत नाहीये! उद्या या आणि दाखवा म्हणतात!"

इतक्या महिन्यांत ताईने त्याला एवढं खूश पाहिलं नव्हतं.