मुकादमाचं नाक

बुटांच्या कारखान्यात तिच्याइतकी सुबक शिलाई कुणाची नव्हती, आणि घरी तिच्याइतका वाईट स्वयंपाकही कुणाचा नव्हता. कातड्यावर टाका घालताना तिचा हात कधी चुकायचा नाही. डाळ शिजत ठेवली की मात्र तिचं चित्त टाचेच्या एखाद्या वळणात अडकायचं आणि डाळ तळाला लागायची. भाजी एका बाजूने कच्ची, दुसऱ्या बाजूने कोळसा. माहेरी तिच्या हातचं ताट समोर आलं की भावंडांची भूक अचानक मरायची.

तरीही तिचा संसार सुखाचा होता, आणि ती सगळी कृपा नवऱ्याच्या नाकाची. तो त्याच कारखान्यात चिकटवणी खात्याचा मुकादम. बुटाचा तळ वरच्या कातड्याला जोडायला जे सोल्यूशन लागतं, त्याच्या उग्र वाफेत त्याची उमेदीची वर्षं गेली आणि नाक पार कामातून गेलं. खारट, आंबट, तिखट एवढं जिभेला कळायचं. बाकी करपलेलं काय नि खमंग काय, त्याच्या लेखी सगळं सारखंच. म्हणून ती मीठ तेवढं जपून घालायची. तो ताट चाटूनपुसून साफ करायचा आणि म्हणायचा, "झकास." पाहुणे येणार असले की ती बाहेरून मागवायची, आणि झाकली मूठ झाकलेलीच राहायची.

मग देशभरातल्या बुटांच्या कारखान्यांसाठी नवी योजना निघाली आणि एक तरुण इंजिनीयर बाई येऊन थडकली. कातड्याचे तुकडे फेकायचे नाहीत, तळ झिजला तर अख्खा बूट टाकायची वेळ येऊ नये, नुसता तळ बदलता यावा, असं बरंच काही तिने समजावलं. पण सगळ्यात आधी जुनं सोल्यूशन बंद. त्याच्या जागी पाण्यात कालवलेलं, बिनवाफेचं. "वाफ थांबली की पुष्कळांचं गेलेलं नाक परत येतं," असंही ती ओघात बोलून गेली. शिलाईवालीला घरची डाळ आठवली.

मुकादम तर विरोधातच होता. "वास नाही ते सोल्यूशन कसलं?" तो म्हणाला. ज्या माणसाला स्वतःच्या मोज्यांचा वास येत नव्हता, तो वासावरून हुज्जत घालत होता.

फैसला कामगार समितीत व्हायचा होता. शिलाई खात्यातर्फे ती समितीवर, आणि निम्म्या बायका तिचा हात बघून आपला हात वर करणाऱ्या. पाण्याचं सोल्यूशन ओलाव्यात सुटेल, एवढं म्हणाली असती तरी योजना बारगळली असती. वाक्य तिने पाठही करून ठेवलं होतं. पण समोर चिकटवणी खात्यातल्या पोरी बसल्या होत्या, दुपार झाली की भिंत धरून उभ्या राहणाऱ्या. शेजारी नवरा होता, रोज संध्याकाळी कपाळावर ओलं फडकं घेऊन पडणारा. आपलं करपलेलं झाकायला या सगळ्यांची डोकी दुखत ठेवायची, इतकी काही ती दुष्ट नव्हती. मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या हासडून तिने योजनेच्या बाजूने हात वर केला.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. नवं सोल्यूशन लावताना दुधासारखं पांढरं दिसायचं. मुकादमाने जुन्या सवयीने ते ओलं असतानाच तळ दाबले, आणि सगळे तळ हातात आले. "बघा," तो म्हणाला, आणि दिवसभर खुशीत राहिला. मग इंजिनीयर बाईने त्याला थांबायला शिकवलं. पांढरेपणा जाऊन काचेसारखं दिसू लागलं की गरम करायचं, आणि मग दाबायचं. तसा केलेला बूट यंत्रात धरून ओढला तर कातडं फाटलं, पण जोड काही सुटला नाही. त्या दिवसापासून मुकादम असा बोलू लागला, जणू सोल्यूशनचा शोध त्यानेच लावला होता.

आणि व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी तो नवं कातडं नाकाशी धरून घरी आला. "अगं, वास येतोय," एवढंच म्हणाला आणि दारातच रडू लागला. मग त्याला काही धरबंधच राहिला नाही. साबण हुंगला, उशी हुंगली, तिचे केस हुंगले. तिला इतका आनंद झाला की तीही रडली, आणि रडता रडता उद्याच्या डाळीची धास्ती घेऊन बसली.

तिने थोरल्या जावेकडे चोरून शिकवणी लावली. जाऊबाईंची दोन पातेली कायमची काळी झाली. "नाक काही परत जायचं नाही आता," जाऊबाई पातेलं घासत म्हणाल्या. "सांगून टाक त्याला."

सांगायचा धीर तिला झाला नाही. नाक रोज थोडं थोडं उघडत होतं, आणि एक दिवस तो पानावर बसला, पहिला घास तोंडात घातला आणि थांबला.

"अगं, हे करपलंय."

"हो."

"आजच?"

हो म्हणाली असती तर आणखी चार दिवस निभावले असते. "रोजच," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून."

आता हा चिडणार, नाहीतर गावभर सांगून हसणार, असं धरून ती पदराशी चाळा करत बसली.

"पण तुझं नाक तर धड आहे," तो म्हणाला.

"माझ्या नाकाला काय झालंय?"

"तसं नाही. मला काही कळत नव्हतं, म्हणून मी जेवलो. तू कशी जेवलीस गं एवढी वर्षं?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे भरून आले. त्याने मुकाट्याने दोन्ही ताटं उचलली, बाह्या सारल्या आणि शेगडी पेटवली. एकेक डबा उघडून तो हुंगत होता, कांदा परतताना नाक पातेल्यातच होतं. आता करपणार, असं तिला वाटायच्या आधीच त्याने पातेलं उतरवलं.

"तुम्हांला येतं हे?" तिने विचारलं.

"काही येत नाही. वास येतो तेवढा."

तिने पहिला घास खाल्ला आणि लगेच दुसरा घेतला. तो हातात पळी घेऊन परीक्षेच्या निकालाला उभा राहावं तसा उभा होता.

ताट रिकामं झाल्यावर तिने ते पुढे केलं. "आणखी वाढा," ती म्हणाली. स्वतःच्या घरात हे म्हणायची तिची ती पहिलीच वेळ होती.