शेहेचाळीस बटणांचा डबा

माझ्या शिंप्याच्या दुकानावर एकच खोली आहे आणि तिच्या खिडकीशी एकच पलंग मावतो. लेक नर्सची नोकरी लागली म्हणून दोन मुलांना घेऊन माझ्याकडे राहायला आली आणि त्या पलंगावरून पोरांची जुंपली. थोरल्या नातवाला आम्ही बॅरिस्टर म्हणतो. तो पाणी मागतानाही वकिली करतो. त्याला वारा हवा होता. धाकट्या नातीने, टाचणीने, तिचं कारण फक्त माझ्या कानात सांगितलं. रात्रपाळी संपवून आई सकाळी ज्या कोपऱ्यावरून वळते, तो कोपरा त्या खिडकीतून दिसतो.

"पोकरवर सोडवू," बॅरिस्टर म्हणाला. त्यानेच तिला खेळ शिकवला होता.

रविवारी दुपारी दुकान बंद ठेवून कापड बेतायच्या टेबलावर आम्ही बसलो. पिसायचं काम माझं. दोघांना पन्नास-पन्नास बटणं. ज्याची संपतील त्याने पलंग सोडायचा.

चौथ्याच डावात गंमत झाली. टाचणीच्या हातात दोन बदाम, टेबलावरच्या चार उघड्या पत्त्यांत आणखी दोन. पाचवा, शेवटचा पत्ता बदाम निघून पाच बदाम जुळले तर डाव तिचा, नाहीतर बॅरिस्टरच्या राजांच्या जोडीचा. मध्ये वीस बटणांचा ढीग होता. बॅरिस्टरने त्यावर आणखी दहा टाकली.

"आता काय करशील गं?"

"माझी दहा आधीच ढिगात आहेत. ती कशी सोडू?" म्हणत तिने दहा बटणं सरकवली.

मी पत्ता उलटला. बदाम! पोर खुर्चीवर उभी राहिली.

"जिंकलीस," मी म्हणालो, "पण चुकलीस."

"आजोबा! जिंकलेलं माणूस चुकेल कसं?"

हा प्रश्न मला फार आवडला. बॅरिस्टर रागारागाने वर चहा करायला गेला, तेवढ्यात मी बटणांचा डबा पुढे ओढला.

"तुला किती पत्ते दिसत होते?"

"माझे दोन, टेबलावरचे चार. सहा."

"बावन्नातून सहा गेले?"

"शेहेचाळीस उरले. त्यात बदाम..." तिने बोटांवर मोजलं. "तेरातले चार दिसले. नऊ."

मी डब्यात नऊ लाल आणि सदतीस पांढरी बटणं टाकली. "डोळे मिटून एक काढ, रंग लिही, परत टाक. शंभर वेळा."

चाळिसाव्या वेळेला कुणीही कंटाळलं असतं. ही नव्वदीला आली तरी पुढच्या बटणाकडे डोळे लावून होती. लाल निघालं एकोणीस वेळा.

"म्हणजे एकदा लाल यायला चारदाहून थोडं जास्तच पांढरं येतं!"

"मग दहा बटणं घालून बदामाची वाट बघायची, तर समोर किती हवीत?"

तिने टेबलावर बोटाने आकडे गिरवले. "चाळिसाहून जास्त. आणि होती तीस."

"तुझी आधीची दहा?"

"तीही तिसातच ना?"

"तिसातच. पण ती आता तुझी नाहीत, ढिगाची. कापलेलं कापड ताग्याला परत चिकटतं का?"

"नाही," ती हसली. "पण मग दादाची नवी दहासुद्धा ढिगाचीच झाली!"

हे मी सांगितलंच नव्हतं.

चहानंतर डाव पुन्हा सुरू झाला. टाचणीला चांगले पत्ते येत नव्हते; एकदा तर ढिगात मिळण्यासारखं फारसं नाही असं मोजून तिने चांगला दिसणारा हातही टाकून दिला. शेवटी तिच्यापुढे दहाच बटणं राहिली. हातात पुन्हा दोन बदाम, टेबलावरच्या चारांत दोन. ढिगात पन्नास होती, बॅरिस्टरने दहा वाढवली.

"दहाच उरलीत, टाचणे. जपून ठेव, शर्टाला लावायला होतील."

तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. ओठ हलत होते. साठ. दहा. एकाला सहा. तिने दहाही बटणं पुढे सरकवली.

मी पत्ता उलटला. काळी सत्ती.

बॅरिस्टरने पंख्याला हात लागेल एवढी उडी मारली. टाचणी माझ्याकडे वळली.

"मी चुकले?"

"तूच सांग."

तिने नाक पुसलं आणि बोटांवर पुन्हा सगळं मोजलं. "नाही चुकले," ती म्हणाली. "पण पलंग गेला."

"गेला."

ती उठली नाही. डब्यातली बटणं चाळवत बसली आणि मग भावाला म्हणाली, "दादा, तू सकाळी सहाला जागा असतोस?"

"वेड लागलंय?"

"मग सहा ते साडेसहा पलंगाची कड मला दे. बदल्यात तुझं अंथरूण मी काढीन."

"रोज!"

"आईची रात्रपाळी आठवड्यातून चारदाच असते. चार दिवस काढीन. सात दिवसांची किंमत देऊन चार सकाळी मी कशाला घेऊ?"

बॅरिस्टरचा चेहरा बदलला. "आईसाठी हवी होती खिडकी? मग आधी सांगायचंस की, वेडाबाई."

"मग तू खेळला नसतास."

"अंथरूण मात्र चार दिवस," तो घाईने म्हणाला.

मंगळवारी सकाळी मी दुकान झाडायला उतरलो. रस्त्यावरून वर बघितलं, तर खिडकीत एक विस्कटलेलं डोकं काचेला टेकलेलं आणि त्याच्या मागे पांघरुणात गुरफटलेलं दुसरं, जांभई देणारं. कोपऱ्यावर लेक वळली. दोघांनीही हात वर केले.