तुइमोतू, १९९४

कोणी पोटासाठी मासे धरतं, कोणी टॅक्सी चालवतं. मी स्वल्पविराम लावते. आपिया या आमच्या बेटावरच्या शहरातल्या विद्यापीठात प्राध्यापक मंडळी लेख लिहितात आणि लेखाच्या शेवटची संदर्भसूची माझ्या टेबलावर आणून आदळतात. कोणत्या नियतकालिकाला साल कंसात लागतं, कोणाला पुस्तकाचं नाव तिरक्या अक्षरांत लागतं, हे मला तोंडपाठ आहे. त्याने जगाचं काय भलं झालं ते अजून मला कोणी सांगितलेलं नाही.

आलापाती फालेनिउ आमच्याच गावचा, लांबच्या नात्याने माझा भाऊ. तो पाण्याचा अभ्यास करतो. नोकरी कराराची होती. ऑस्ट्रेलियातल्या एका वजनदार नियतकालिकाने लेख घेतला तर नोकरी कायम, नाहीतर वर्षअखेरीला हातात नारळ. आमच्या बेटावर नारळांची कमी नाही, पण असला नारळ कोणालाच नको असतो.

लेख आमच्या गावाबद्दलच होता. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचं कुंड आहे, ते खारट होत चाललंय. कारण शेजारचा पंप जमिनीखालून समुद्र आत ओढतो. पंप बसवला होता आलापातीच्या सख्ख्या काकांनी. ते घराण्याचे प्रमुख, त्यांचा किताब तुइमोतू. १९९४ साली त्यांनी एक पुस्तिकाही छापली होती : कितीही उपसा, कुंड कधी खारट होणार नाही. आलापातीने लेखात त्या पुस्तिकेचा पानोपानी समाचार घेतला होता. काका जिवंत असताना असा लेख लिहायची त्याची छाती नव्हती.

काका गेले आणि घराण्याने एकमताने तो किताब आलापातीलाच दिला. चटया अंथरल्या, डुकरं कापली, भाषणं संपता संपेनात. त्या दिवसापासून तो तुइमोतू झाला. किताब घेतला की जुनं नाव मागे पडतं. मी एकटीच त्याला अजून आलापाती म्हणते, कारण त्याचं नाक मी पुसलंय. साहजिकच लेखावर लेखकाचं नाव गेलं तुइमोतू. सूचीत पुस्तिकेची नोंद होती : तुइमोतू, १९९४. मी स्वतः ती नीट तपासली. स्वल्पविराम जागच्या जागी होता. बाकी काही खटकलं नाही, कारण आमच्याकडे नावं माणसांपेक्षा जास्त जगतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

नियतकालिकवाल्यांना मात्र वाटलं. त्यांच्याकडे लेख तपासणाऱ्याला लेखक कोण ते कळू देत नाहीत. म्हणून लेखकाने स्वतःच्या जुन्या लिखाणाचा उल्लेख केला असेल तिथे नाव खोडून नुसतं ‘लेखक’ असं घालतात. त्यांच्या कार्यालयातल्या कोणीतरी इमानेइतबारे तेच केलं : ‘तुइमोतू, १९९४’ चं ‘लेखक, १९९४’ झालं.

महिन्याभराने आलापाती कागद फडफडवत आला. “इलिसा, वाच! वाच काय लिहिलंय!”

मी वाचलं. ‘लेखक आपल्याच १९९४ च्या पुस्तिकेवर तुटून पडतो, पण परक्या माणसाबद्दल बोलावं तसा. चूक झाली असेल तर सरळ मान्य करावी, नाहीतर तो भाग गाळावा.’

“चौऱ्याण्णव साली मी बाराखडी गिरवत होतो!”

“आणि तरी पुस्तिका छापलीस? हुशारच होतास मग.”

“थट्टा सुचतेय तुला. तो भाग गाळला तर लेखात उरतं काय? माझी नोकरी जाईल.”

त्याने संपादकांना सविस्तर कळवलं. उत्तर फार गोड आलं. काकांच्या निधनाबद्दल त्यांना मनापासून दुःख झालं होतं. घोटाळा टाळायचा तर लेखावर जुनं नाव, फालेनिउ, घालावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

एवढंच! नुकताच मिळालेला किताब बाजूला ठेवून जुन्या नावाने छापायचं म्हणजे घराण्याच्या तोंडावर चटया परत फेकण्यासारखं. तरी काकांच्या बायकोने, पेपे काकूंनी, हो म्हटलं तर गाव बोललं नसतं. म्हणून शनिवारी आम्ही दोघं डबाबंद मांस घेऊन बसने गावी गेलो.

काकू काकांच्या थडग्यावरची पानं झाडत होत्या. थडगं घरासमोरच आहे, पांढऱ्या फरशांचं. आलापातीचं बोलणं त्यांनी झाडू न थांबवता ऐकलं.

“नावाची लाज वाटते होय रे?” त्या म्हणाल्या. “डुकरं खाताना नाही वाटली!”

“तसं नाही काकू. पण तुइमोतूनेच तुइमोतूला चूक म्हणायचं म्हणजे...”

“मग कोणी म्हणायचं? दुसरा कोणी म्हणाला असता तर गावाने त्याला पिटाळून लावला असता. तुइमोतू एकच आहे. इथे चर्च नव्हतं तेव्हापासून आहे. तेव्हा तो एक बोलला, आता दुसरं बोलतोय. मग सरळ सांगावं ना, माझं चुकलं म्हणून!”

समुद्रापलीकडच्या कुठल्याशा विद्वानाने आणि जन्मात एक नियतकालिक न पाहिलेल्या पेपे काकूंनी शब्दाला शब्द जुळवून एकच सांगितलं होतं.

बसमध्ये आलापाती धुसफुसत राहिला. “जी चूक मी केलीच नाही ती का म्हणून मान्य करू?”

“किताबसुद्धा तू कमावलेला नाहीस. घेतलासच ना?” मी म्हटलं.

सोमवारी माझ्या टेबलावर सुधारलेला लेख आला. पहिल्याच पानावर वाक्य होतं : ‘या कुंडाविषयी १९९४ साली मी जे लिहिलं ते चूक होतं.’ मी त्या वाक्यापुढे पुस्तिकेची नोंद ठेवली, सूची पुन्हा एकदा तपासली आणि पाठवून दिली.

लेख स्वीकारला गेला. एवढी प्रामाणिक माणसं विद्वानांत दुर्मीळ असतात, असं संपादकांनी वर लिहिलं. आमच्या विद्यापीठाच्या समितीनेही त्याच्या धैर्याचं कौतुक केलं. त्या समितीतल्या निम्म्या लोकांची स्वतःची नावं आज्यापणज्यांकडून आलेली, पण कोणी चकार शब्द काढला नाही. आलापातीची नोकरी कायम झाली. गावात तर कमालच झाली. पंप बंद करा म्हणून तो काका गेल्यापासून घसा कोरडा करत होता, कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. खुद्द तुइमोतू चुकलो म्हणतोय, हे पंचांच्या कानावर गेलं आणि दुपारपर्यंत पंपाला कुलूप लागलं.

छापील अंक आला तेव्हा तो काकूंना दाखवायला आम्ही पुन्हा गेलो. काकूंना इंग्रजी येत नाही. आलापातीने ते एक वाक्य आमच्या भाषेत सांगितलं. काकूंनी पुन्हा सांगायला लावलं. मग अंक उचलला, थडग्यापाशी गेल्या आणि त्यावर तो उघडून ठेवला.

“या पाण्याचा कोको खारट लागतो म्हणून जन्मभर सांगत आले,” त्या फरशांकडे बघून म्हणाल्या. “म्हणे, तुझी जीभच खारट आहे! सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणायचे.”

त्यांचा आवाज फुटला. मला वाटलं होतं, जाऊन हसायचं आणि जेवून परत यायचं.

मग त्या वळल्या आणि थेट आलापातीपुढे येऊन उभ्या राहिल्या. “लोकांपुढे मान्य केलंत. माझ्यापुढे?”

आलापातीने माझ्याकडे पाहिलं. असल्या गोष्टीचा नियम कुठल्याच नियतकालिकाकडे नाही.

“काकू...”

“काकू कोण?”

मग पाण्याचा तो डॉक्टर त्यांच्यासमोर खाली मांडी घालून बसला आणि त्याने मान झुकवली.

“पेपे,” तो म्हणाला, “तुझी जीभ खारट नव्हती. माझंच चुकलं.”

काकूंनी डोळे पुसले, थडग्यावरचा अंक उचलून काखेत मारला आणि कोको करायला आत गेल्या.