ताप उतरल्यानंतर

चौथ्या दिवशी सकाळी बाबांचा ताप उतरला आणि ते घरी जायला निघाले. आरोग्य केंद्रातल्या खाटेवर बसून त्यांनी सदऱ्याची बटणं लावली, पायानेच चपला पुढे ओढल्या. मी दारात आडवी उभी राहिले.

नऊ दिवसांपूर्वी आई गेली, ती याच डेंग्यूने. तिचाही ताप चौथ्या दिवशी उतरला होता. तेव्हा मीच शहरातून फोनवर म्हणाले होते, "सुटलो बाई! आता दवाखान्यात कशाला पडून राहायचं? घरी आणा तिला." बाबांनी ऐकलं. घरी आल्या आल्या आईने अंथरुणं धुवायला काढली. दुसऱ्या दिवशी तिचे हातपाय गार पडले, आणि गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं.

"ताप उतरल्यावरचे दोन दिवसच वाईट," सिस्टर म्हणाल्या. गावच्या आरोग्य केंद्रातल्या त्या एकट्याच नर्स. "रक्तातलं पाणी झिरपून जातं, बीपी कोसळतं. माणसाला मात्र वाटतं, बरा झालो."

"बराच झालोय," बाबा म्हणाले. "सोमवारी शाळा सुरू होतेय. गणवेश कापून पडलेत दुकानात. पोरं काय उघडी जाणार?"

"मी सुट्टी देत नाही, मास्तर." बाबा शिंपी, म्हणून गावात सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

"मागतंय कोण? निघालोय मी."

मी हात जोडले, चिडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सिस्टर मागे वळल्या. कपाटातून त्यांनी एक फाटकी मच्छरदाणी काढली. डेंग्यूच्या रुग्णाला चावलेला डास आणखी कुणाला चावू नये म्हणून केंद्रात दिवसाही मच्छरदाण्या लावत. शेजारच्या रिकाम्या खाटेवर बसून त्या ती शिवू लागल्या. बाबांचा एक पाय चपलेत होता.

"हे काय चाललंय?"

"भोक बुजवतेय."

"भोक बुजवताय की पोतं शिवताय? आणा ती सुई इकडे."

"सुई मिळायची नाही. तुमच्या प्लेटलेट कमी आहेत. टोचली तर रक्त थांबायचं नाही. तोंडाने सांगा."

"उसवा आधी ते."

"चार घोट पाणी प्या, मग उसवते."

बाबांनी पेला तोंडाला लावला. चप्पल पायातून कधी गळाली, त्यांना कळलं नाही. दुपारपर्यंत दोन मच्छरदाण्या झाल्या. "धावदोरा घाला, धावदोरा! हा तर लंगडतोय." "अहो, कापड गोळा झालं, डोळे आहेत की बटणांची काजं?" सिस्टर मान खाली घालून ऐकत, उसवत आणि पेला पुढे करत. नऊ दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं.

तिसरी मच्छरदाणी शिवताना एक टाका चांगला बोटभर तिरका गेला. बाबा गप्प राहिले.

सिस्टरांचा हात थांबला. "मास्तर, हा कसा आहे?"

"चालेल."

मच्छरदाणी खाली टाकून त्या उठल्याच. बाबांच्या पोटावर त्यांनी हात दाबला तसे बाबा कळवळले. तासभर दुखत होतं, ते लपवून बसले होते. बीपी बरंच खाली आलं होतं. हातपाय गार. डॉक्टर शेजारच्या गावी होते. फोन कानाशी धरून, ते सांगतील तसं सिस्टरांनी सलाईन वाढवलं. डॉक्टर पोचेपर्यंत आणि पोचल्यानंतरही त्या खाटेपासून हलल्या नाहीत. मी बाबांचे तळवे धरून बसले. हळूहळू ते ऊब धरू लागले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. बाहेर पडताना मी सिस्टरांना म्हटलं, "तुम्हाला शिवण येत नाही ते बरंच झालं म्हणायचं."

"दोन्ही पोरींचे फ्रॉक मीच शिवते," त्या हळूच म्हणाल्या. "मास्तरांना सांगू नका." मला आभार मानायचे होते. तेवढ्यात तापाने फणफणलेली एक बाई आत आली आणि त्या तिच्याकडे वळल्या.

घरी आल्यावर बाबा बराच वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"तिला असं कुणीतरी अडवायला हवं होतं," ते म्हणाले.

"मी अडवायला हवं होतं, बाबा."

"आपण दोघांनी," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

दोषाचा अर्धा वाटा उचलायला ते घरात होते. मी दोन पानं वाढायला घेतली.