मस्कतरत्न श्यामभाऊ

पूर्वी नावाची ती कॉलेजची पोरगी वही उघडून बसली, तेव्हाच मंजुषाने कान टवकारले. आकुर्डीच्या कॉलेज रोडवर एकोणीस वर्षं मेस चालवणाऱ्या बाईला पोरं ओळखता येतात. जी ताट यायच्या आधी "काकू, तुमचं मूळ गाव कोणतं?" विचारते, ती जेवायला आलेली नसते.

"रस्त्यावरच्या दुकानांचा इतिहास लिहितेय," पूर्वी म्हणाली. "आणि इथे राहिलेल्या क्वीअर, म्हणजे समलिंगी वगैरे लोकांचाही. कॉलेजचं पुस्तक निघतंय."

दोन्ही इतिहासांना वही एकच का, हे मंजुषाने विचारलं नाही. तिने पोळी उलटली. आत पूनमच्या भांड्यांचा आवाज थांबला. म्हणजे पूनम ऐकत होती.

जगाला सांगितलेलं असं होतं: मंजुषा ही पूनमची वहिनी, आणि मंजुषाचा नवरा, पूनमचा भाऊ श्याम, मस्कतला असतो. खोली मिळावी म्हणून दोघींनी एका दुपारी रिक्षात बसून जन्माला घातलेला हा श्याम एकदाही सुट्टीवर आला नव्हता. घरमालक मारुतराव जुन्या गावकीतले. खरं कळलं, तर मेस आणि वरची खोली, दोन्हींना कुलूप.

"श्यामकाकांचा फोटो आहे?"

"त्यांना फोटो काढलेला आवडत नाही."

"कमाल आहे. शेजारचे चिमाजीकाका म्हणाले, श्यामकाकांनी त्यांना बुलेट शिकवली. मारुतरावांच्या आई म्हणाल्या, त्यांनी एका बैठकीत चौदा पुरणपोळ्या खाल्ल्या."

मंजुषाची पोळी करपली. नसलेल्या माणसाने चौदा? कुणीतरी सापळा लावत होतं.

ती तडक चिमाजीच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. "बुलेट शिकवली म्हणे?"

"हां वहिनी. काय माणूस!" चिमाजीने मान वर केली नाही. तो कोऱ्या कागदाच्या झेरॉक्स काढत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला. 'मस्कतरत्न श्यामभाऊ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक: मारुतराव व समस्त ग्रामस्थ.' फोटोतला गॉगलवाला कुणाच्या तरी लग्नातून कापला होता. खांद्यावर कुणाचातरी मेंदीचा हात तसाच राहिला होता.

मंजुषा मारुतरावांकडे गेली. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"त्या पोरीनं फोटो मागितला म्हनं. मग म्हटलं, दिऊन टाकू."

"पण हा माणूस कोण?"

"ठावं न्हाई. फ्लेक्सवाल्याकडं पडून व्हता."

"म्हणजे तुम्हाला माहितीये..."

"वहिनी, दर अकरा महिन्याला ॲग्रीमेंट करतो. तुमा दोघींच्या सह्या. श्यामची एक तरी हाय का? पयल्याच वर्षी गावाला कळलं. पर तुमी श्याम सांगितला, आमी श्याम धरला. गाव शब्द फिरवत न्हाई."

मंजुषा हलक्या पायांनी परतली. मेसमध्ये पोरं वाढदिवसाचं श्रीखंड मागत होती, आणि पूर्वी भराभरा लिहीत होती.

"काकू, फ्लेक्सचा फोटो पुस्तकात घेतेय. ही मेस श्यामकाकांनीच काढली ना? काळ्या मसाल्याची आमटीपण त्यांचीच, असं चिमाजीकाका म्हणाले."

आत पातेलं आदळलं. एकोणीस उन्हाळे गच्चीवर मिरच्या भाजून खोकणारी पूनम मंजुषाच्या डोळ्यांसमोर आली. आणि मसाला कुणाचा, तर त्या गॉगलवाल्याचा!

"खोड," मंजुषा म्हणाली.

"काय?"

"श्याम. सगळाच खोड. मेस पूनमने काढली. मसाला तिचा. आणि मी काही तिची वहिनी नाही."

"मग... कोण लिहू?"

ओले हात पुसत पूनम बाहेर आली. "बायको लिही. आणि आधी जेव, गार होतंय."

श्रीखंडाच्या आशेने आलेले मारुतराव दारातच थबकले. साऱ्या गावाची मेहनत पाण्यात गेली होती.

"मग आता त्याला मारायचा? फोटू तोच ठिऊ, भावपूर्ण श्रद्धांजली टाकू."

"मला विधवा करता होय?"

"त्ये बी खरं." ते पाटावर टेकले. "उतरवतो मग. ॲग्रीमेंटला येत्या सोमवारी या दोघी. आमटी वाढा."

मंजुषाने वाढली. मारुतराव ओरपू लागले, अगदी निष्पाप चेहऱ्याने. ती मात्र आमटीच्या पातेल्याआडून त्यांच्याकडे बघत राहिली. एकोणीस वर्षं इतकं सराईत खोटं बोलणारं गाव आणखी काय काय लपवत असेल, याचा आता भरवसा उरला नव्हता.